दुसऱ्या गिअरमध्ये

सव्वीस वर्षं मी पियानो जुळवते,
बालाच्या तळ्यापासून हार्लेखच्या समुद्रापर्यंत :
चॅपलमधले, शाळांमधले,
पबच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बिअर प्यायलेले.
एवढी वर्षं व्हॅन होती. चाकं लावलेलं कपाटच ते.
मार्चात तिनं मान टाकली, तेव्हा भावाला म्हटलं,
आता मला गाडी हवी.
गेथिननं फडक्याला हात पुसले. "रोजची?"
"रोजची."
"बावन्नाव्या वर्षी?"
"मग काय, ब्याऐंशीव्या?"

पहिली रेक्समला. पोर्श, चंदेरी,
किंमत इतकी कमी की संशय यावा.
विकणारा तिच्याभोवती
सोयरिक जुळवायला आलेल्या मामासारखा घुटमळत होता.
आवाज मात्र, काय सांगू,
पाठीशी सहा सिलिंडर,
खर्जापासून वर चढत गेले, एकही स्वर ढळला नाही.
माझ्या अंगावर काटा.
गेथिन कागद चाळत होता.
"आत एक बेअरिंग असतं, मुठीत मावेल एवढं.
ते गेलं की इंजिन गेलं. कदाचित कधीच जाणार नाही.
कदाचित मंगळवारी जाईल."
हौसेला मोल नसतं म्हणतात.
गेथिनच्या वहीत असतं, तीन आकडी तासांसकट.

दुसरी होंडा, ॲबरिस्टविथच्या मॅक्सेन नावाच्या पोराची.
सहा हजार फेऱ्यांखाली ती डुलक्या घेते,
त्यावर गेली की किंचाळते.
आमच्याकडे सहा हजार फेरे आणायचे कुठून?
वळण संपतं तिथे मेंढ्या उभ्या असतात
आणि मेंढ्यांना कुठे वेळेवर पोचायचं नसतं.
ड्रायव्हरची सीट झिजून चुरगळलेली,
शेजारची कोरी करकरीत.
का विकतोस, विचारलं नाही.
चार टायर चार कंपन्यांचे होते,
नाही म्हणायला तेवढं पुरलं.

तिसरी बघायला एकटीच गेले.
चढावरच्या शेवटच्या घरात हेविन,
आणि गोधडीखाली छोटी माझदा, तांबडी,
कापडी टप, सोळा वर्षांची.
डाव्या दाराखाली गंजाचा एक फोड.
"समुद्र," तो म्हणाला, जसं एखाद्या नातेवाइकाचं नाव घ्यावं.
दोन्ही सीट सारख्याच झिजलेल्या.
किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्.
बॅटरी मेलेली. "दोन हिवाळे पुसतोच आहे नुसती,"
तो खाली बघत म्हणाला.
मग मला म्हणाला, बसा. दुसरा गिअर.
क्लच दाबून ठेवा, मी सांगेन तेव्हा सोडा.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, लोकरी टोपीतला,
माझ्यासकट एक गाडी ढकलतोय
आणि मी आरशात बघतेय
तो लहान लहान होत जाताना,
हात हलवताना, ओरडताना,
काय ओरडतोय ते वाऱ्यात कळेना,
म्हणून मीच ठरवलं
आणि क्लच सोडला.

खोकली. हिसका दिला. खोकली.
मग लागली.
स्वर थोडा उतरलेला, पण स्वच्छ;
असा पियानो मला आवडतो,
ज्याला आपण कुठून घसरलो ते ठाऊक असतं.

वळवून वर आणली, बंद करायची हिंमत झाली नाही.
इंजिन चालू ठेवूनच पैशांचं बोललो,
तेही जोरजोरात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.
त्यानं दोनशे उतरवले, ते मी फोडासाठी धरले.
गेथिन खालून बघून आला आणि फक्त
"हं" म्हणाला. त्याचं "हं" महाग असतं.

आता रोजच. मिठाळ रस्ते, ट्रॅक्टरच्या मागे तासन्‌तास.
डिकीत ठेवणीतल्या तारा कशाबशा मावतात,
हत्यारांची पेटी मावत नाही. ती शेजारी बसते.
जड आहे. निघाले की डॅशवर लाल दिवा लागतो,
पिंग, पिंग. कुणीतरी बसलंय असं गाडीला वाटतं.
गेथिन म्हणाला, सेन्सरची वायर काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम.
म्हटलं, राहू दे.
पेटीला पट्टा बांधते. आवाज थांबतो.
मग निघतो.