केस सात

लातूरच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं आधी जुन्या एक्स-रेंचे गठ्ठे होते,
चष्मा डोळ्यांवर चढवला
की घरघरता कूलर नाहीसा होतो
आणि मी थेट पोटात.
पिवळी चरबी, यकृताची कड,
मागं जठर, पाणी उतरलेल्या पखालीसारखं.

केस सात. वजन एकशे चौतीस. नाव नाही.

स्टेपलर मिटतो, कच्च.
जरा टोक प्लीहेला लागलं
की सगळं लाल.
गुट्टे सर मागून म्हणतात, "मारलीस. पुन्हा."
बटण दाबते.
केस सात तक्रार न करता जिवंत होते.
कापलेला तुकडा करडा होत होत विरतो,
कुणाला उचलावा लागत नाही.

असं एकेचाळीस वेळा.

आज वॉर्डात दगडूबाई, औशाच्या.
एसटीत दोन तिकिटं काढतात,
दुसऱ्यावर पिशवी ठेवतात, लोकांना दिसावी म्हणून.
काट्यावर एकशे चौतीसच भरल्या.
मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

उद्या सर शेजारी असतील,
दांड्या मात्र माझ्या हातात.

खुणा करायला पेन टेकवलं
तर सगळं पोट हललं.
"गुदगुल्या व्हतेत गं."
हे मशीनमध्ये नव्हतं.
बेंबीजवळचं हिरवं गोंदणही नव्हतं,
विंचू असावा, आता पसरून काहीही.

"किती जणींचं केलंस माय, आतापर्यंत?"
"एकेचाळीस."
"मंग? समद्या बऱ्या हायत ना?"

पेनाचं टोपण
मी बराच वेळ शोधत राहिले.