मार्केट यार्ड, रात्री नऊ

सुदाम हुलवानेच्या टपरीतल्या टीव्हीला
एक उभी जांभळी रेघ आहे.
आज तीन पक्षांचे तीन नेते
आळीपाळीनं तिच्यात सापडतायत.

हळदीचे सौदे उरकून आलेले हमाल
भुवयांपर्यंत पिवळे,
बाकावर उकिडवे.
पैज लागलीय दोन हाफ चहाची.

पहिला बोलला. बाबालाल पखाली म्हणाला,
"बोलणं बरं हाय."
दुसरा बोलला.
"ह्येचंबी बरं हाय."
तिसऱ्यानं बोलता बोलता थांबून
पाणी प्यायलं.

तेव्हा मात्र टपरी गप्प झाली.
काचेचा पेला, हात जरासा हललेला,
गळ्याची घाटी वर, खाली.
"भ्यालंय गं बाई," पोती शिवणारी अक्काताई म्हणाली,
वर्गात उभ्या केलेल्या पोराकडं बघावं तशी बघत.

मग निवेदिकेनं विचारलं,
कृष्णेच्या पुराचं काय?
आणि जाहिरात लागली.
सिमेंटची. त्यात एक हत्ती
भिंतीला धडका देत होता.

सुदामनं खांबाला पाठ टेकली.
खांबावर खडूची रेघ, पुसट,
त्याच्या खांद्याच्या वर चार बोटं.
हत्ती दमला. नेते परत आले.
प्रश्न परत आला नाही.

पैज कुणीच जिंकलं नाही,
सुदामनं दोघांकडूनही पैसे घेतले.
रिमोटवर आवाज कमी करायचं बटण
तेवढंच पिवळंधमक.

शटर ओढताना मागून अक्काताई,
पिशवी खांद्याला लावत, सहजच:
"त्यो पाणी प्यालेला...
नाव काय म्हणाले रं त्याचं?"