कारण लिहा

कंपनीच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न असा होता:
मोबाइल नुसता यंत्राजवळ नेऊन पैसे देण्याची पद्धत
तुमच्या भागात रुळेल असं वाटतं का?
हो. नाही. सांगता येत नाही.
खाली दोन ओळी कोऱ्या: कारण लिहा.

मे महिना. गळ्यात ओळखपत्र, त्यावर मी,
चेतन हेडाऊ, फोटोत बराच गोरा.
पाठीवर आठ यंत्रं, डोक्याला ओला दुपट्टा.

इतवारीत मिरचीच्या ठोक व्यापाऱ्यानं
आधी मला पोटभर शिंकू दिलं,
मग म्हणाला, भाऊ, आपला धंदा उधारीचा.
जो पैसा दिवाळीपर्यंत येतच नाही
तो किती झटकन येते, हे काय सांगून राहिला तू?

बर्डीवर नफीसाबी बांगड्या भरत होत्या.
चार बोटं एकत्र दाबून, अंगठा आत मुडपून,
कुणाचा तरी हात त्या हिरव्या काचेतून काढत होत्या.
पैसे न शिवता घेईन रे, म्हणाल्या,
पण हे कसं करू?
तिथं मी 'हो'वर खूण केली. का, ते आठवत नाही.

धंतोलीत औषधाच्या दुकानात यंत्र आधीपासूनच होतं,
वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.
त्यावर कंगवा ठेवला होता.

दुपारी शेहेचाळीस.
फोन म्हणाला, मी फार तापलो आहे,
आणि काळा पडला.
फोनला सुट्टी मिळते.

इंदोऱ्यात, कडुनिंबाखाली, जानबा गजभिये.
गिरणी बंद पडली तेव्हापासून पंक्चर काढतात.
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधत
त्यांनी माझं सगळं पाठ केलेलं भाषण ऐकलं.

न शिवता पैसे?
हे तं जुनंच हाय बे पोरा.
माह्या बापाले पैसे पायरीवर ठेवा लागत.
दुकानदार वरून पाणी शिंपडे, मंग उचले.
मीठ वरून पडे, धोतराच्या सोग्यात.
त्याचं नेटवर्क कधी गेलं नाही.

मी यंत्राकडे पाहिलं.
त्यावरच्या चार कमानी, एकीबाहेर एक,
पाण्यात थेंब पडल्यावर उठतात तशा.
महिनाभर मी ते चित्र लोकांना दाखवत होतो.

बुडबुडा सापडला. त्यांनी तिथं काडी खोचली.
गिरणीत लागलो तं पगार खिडकीतून मिळे.
कॅशियर नोटा तळहातावर दाबून मोजे,
त्याचं बोट लागे.
पह्यला पगार म्या दोनदा मोजून घेतला.
हिशेब बरोबरच होता.

मग स्वतःचे हात उलटे-सुलटे करून दाखवले:
ऑइल, सोल्यूशन, घासलेलं रबर.
कॉलेजच्या पोरी नोट कोपऱ्यानं धरतात.
त्याईचंही चूक नाही, कपडे खराब होतात.
लाव तुही मशीन.
हे अन् ते एकच हाय का येगळं,
तू शिकेल माणूस, तू सांग.

मी सांगितलं नाही. यंत्र लावलं.
एक रुपयाची चाचणी घेतली, त्यांच्या नातवाच्या फोनवरून.
टिंग.
ते ट्यूबवर ठिगळ दाबत होते, वर पाहिलं नाही.

निघताना मात्र हात पुढे केला.
अन् सोडला नाही लवकर.

ऑटोजवळ आलो तेव्हा फोन थंड झाला होता,
पण माझा अंगठा त्याला ओळखू येईना.
पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करा.
शेवटी पाकिटाच्या तळातून चिल्लर निघाली,
ऑटोवाल्यानं ओंजळ केली.

संध्याकाळी मॅडमनी फॉर्म चाळले.
इंदोऱ्याच्या फॉर्मवर एकही खूण नव्हती.
'कारण लिहा'च्या दोन ओळींवर
काळा, ठसठशीत, रेघ न् रेघ मोजता येईल असा
माझा अंगठा.
खराब झाला हा, म्हणाल्या,
दुसरा भर.