कारेगादोर

डिचोलीच्या कचेरीसमोर माझं टेबल,
चौथ्या पायाखाली चिऱ्याचा तुकडा.
वडील पाखल्यांच्या काळात एस्क्रिव्हांव होते,
म्हणून जुने कागद अजून माझ्याकडे येतात,
वाळवीनं वाचून झाल्यावर.

आज लाटंबार्श्याहून सगुण गावस आला.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
आणि सगळ्यात आत आजोबांचा परवाना,
एकोणीसशे चौपन्नचा.
"बाय, हें मात्शें वाच गो.
बंदुकीच्या डब्यात पाच बार बसतात.
पाच चालतात की नाही, कोण सांगत नाही."

सांगत नाही असं नाही. सगळेच सांगतात.
ठाण्यावरचा हवालदार म्हणाला, पाच चालतात.
खिडकीतला कारकून म्हणाला, दोन,
आणि जेवायला गेला.
पणजीच्या साहेबांनी विचारलं,
डबा सुटा निघतो की जडलेला आहे?
सगुण खरं बोलणारा माणूस:
"उन्हाळ्यात निघतो. पावसात गंजतो, मग नाही निघत."
साहेबांनी दोन्ही चौकोनांत खूण केली.

दोडामार्गच्या बाजारात कुणीतरी म्हणालं,
तिकडचा नियम वेगळा.
तिकडं म्हणजे कुठं?
सगुणच्या काजूतली चौदा झाडं तिकडंच आहेत.
हद्दीचा दगड मुळांनी कलंडवलेला,
बोंडं वेचताना त्याची बायको
सकाळभरात सहा वेळा राज्य बदलते,
आणि रानडुक्कर तर
इकडची सुरणं खाऊन तिकडं ढेकर देतो.

परवान्याला एक भाषांतर टाचलेलं होतं,
सत्त्याऐंशी सालचं, शिक्क्यासह.
कुण्या विद्वानानं मॅगझिन हा शब्द पाहिला
आणि मराठीत लिहून टाकलं:
'अर्जदाराजवळ एक बंदूक व एक नियतकालिक आहे.'
मी हसले. सगुण हसला नाही.
"म्हणजे वर्गणी थकली असेल?"

मग मी मूळ ओळ वाचली.
शाई तपकिरी, अक्षर वडिलांसारखं तिरपं.
बंदूक एक. कारेगादोर एक.
वडिलांचा कोश उघडला, पान सुटून हातात आलं.
कारेगादोर: हमाल. ओझेकरी. भरणारा.
बंदुकीचा डबा हा अर्थ चौथा,
बारीक अक्षरात.
(लिस्बनला गेलेला माझा भाचा
मोबाईलच्या चार्जरलाही हेच म्हणतो.)

"डबा असेल," मी म्हटलं,
"किंवा माणूस. बार भरून देणारा,
मालकामागून चालणारा."

सगुणनं टेबलाची कड धरली.
चिरा हलला, टाइपरायटर हलला.
"भिको," तो म्हणाला.
खूप वेळानं म्हणाला.
"आजोबांची बंदूक तोच भरायचा.
काळोखात, सुरणाच्या वाफ्यात,
डुक्कर म्हणून…
पहिला बार चुकला होता.
डब्यात आणखी होते म्हणून दुसरा झाला."

कचेरीतली घंटा वाजली, कुणाचा तरी नंबर आला.

"त्याच्या घरची माणसं अजून आमच्याकडं पाणी घेत नाहीत.
आणि आम्ही त्या डब्यात एकच भरतो, बाय.
बापूस एकच भरायचा, मीही एकच.
चुकला तर चुकला, डुक्कर जाऊ दे.
हे कुठल्या राज्यात बसतं बघ."

मी कागद चढवला.
महोदय, इथपर्यंत बोटं आपोआप गेली.
गोळ्यांची संख्या या शब्दांपुढं जागा सोडली.
कारेगादोर पुढंही सोडली.
वडिलांनी काय केलं असतं?
त्यांनीच तर लिहिलं नसेल ते,
'एक' म्हणून, दोघांना पुरेल असं?

कोर्ट फीचं तिकीट संपलं होतं.
सोमवारी ये म्हटलं.
त्यानं परवाना पिशवीत घातला,
पिशवी पिशवीत, ती तिसरीत,
आणि तीस रुपये ठेवले, मी नको म्हणत असताना,
दोन रुपये सुटे मागून घेतले बसला.