छेद

डोंगराच्या पोटातून पाणी येतं आमच्याकडे,
खडकात कोरलेला हातभर रुंदीचा पाट.
फलज म्हणतात त्याला. मालक कुणी एक नाही.
अर्ध्या तासाचं पाणी म्हणजे एक अथर.
अथराचे चोवीस बारके वाटे.
अब्बा पाण्याचे हिशोबनीस,
दिवसा काठीची सावली मोजायचे, रात्री तारे.

चौथीत होते मी. फळ्यावर एक आडवी रेघ,
वर एक आकडा, खाली एक.
मला वाटलं, बाई उत्तर लिहायला विसरल्या.

अब्बा म्हणाले, रेघ म्हणजे पाट.
वर, जे वाहतंय.
खाली, जे फावडं घेऊन बसलेत.

त्याच वर्षी म्हातारा मुहन्ना गेला, मागे तीन अथर ठेवून.
मुलाला दोन वाटे, मुलींना एकेक:
हिलालला दीड, नसराला पाऊण, शम्साला पाऊण.
पण कागद दोन कारकुनांनी लिहिले.
नसराच्या कागदावर अठरा चोवीसांश,
शम्साच्या, तीन चतुर्थांश.
शम्सा रडत आली. तीन कुठे, अठरा कुठे!
अब्बांनी समजावलं नाही.
दोन सकाळी दोघींची दारं स्वतः धरली,
आणि दोन्ही सकाळी सावली
त्याच फुटक्या दगडावर आली तेव्हा पाणी तोडलं.
शम्सा दगडाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, मला पण अठराच लिहून द्या.

हिलालला सहा मुलं. त्यांना मुलं.
दोन वाट्यांच्या मध्ये नेहमी तिसरा निघतोच,
मग त्या दोघांच्या मध्ये आणखी एक.
माझ्या नवऱ्याच्या नावावर आज
अथराचा एकशे ब्याण्णवावा भाग आहे.
नऊ सेकंद. नीट चूळही भरून होत नाही.
तरी तो संख्या आहे, वहीत त्याला ओळ आहे,
आणि मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याकडून उसनं घेतलेलं
उणे पावही, लाल शाईत.

एकदाच मी अब्बांना अडलेलं पाहिलं.
वरची वाडी मस्कतला उठून गेली होती.
कड्या लावलेल्या, खजुरी वाळलेल्या,
आणि ठरल्या वेळी चार अथर पाणी
त्यांच्या तोंडाशी येऊन उभं.
मी विचारलं, आता प्रत्येकाला किती?
बाई म्हणायच्या, खाली शून्य घ्यायचं नाही.
का, ते सांगितलं नव्हतं त्यांनी.

अब्बांनी वही उघडली, मिटली.
अंगठ्याने पेन्सिलीचं टोक चाचपलं.
मग वाकून, सवयीने,
दगड बाजूला केला.