जवळचं की लांबचं

उन्हाकडे पाठ करून चौकट धरायची,
म्हणजे खांद्यावरून ऊन घरांच्या तळाशी उतरतं
आणि अंडं दिसतं,
सुईच्या टोकाएवढं, पांढरं,
पहिल्या दिवशी उभं, दुसऱ्या दिवशी कललेलं,
तिसऱ्या दिवशी आडवं.
एवढ्यावरून कळतं, राणी परवापर्यंत होती की नाही.
चाळीस वर्षं मी हे असं वाचत आलोय.
आता घरांच्या तळाशी
नुसतं दूध सांडल्यासारखं.

तनिष्काला हाक मारतो. शेजारच्या भैरूची नात, चौथीत आहे.
आईची ओढणी तोंडाला गुंडाळून येते,
चौकटीत नाक खुपसते,
"आबा, ही बगा उभी हाईत. हिकडली निजल्यात."
पाच रुपये आणि बोटभर पोळं, हा तिचा दर.
सोमवारी शाळा असते.
माश्यांना सोमवार ठाऊक नाही.

औषध सगळ्यांकडे आहे.
दुधाच्या गाडीवरचा म्हणाला,
"सटुप्पा, तुज्याच घरात की औषध, मध घाल डोळ्यात."
घातला. गेल्या सालचा, जांभळाचा.
तासभर विहिरीवर बसून डोळे धूत होतो.
गंगव्वा म्हणाली,
"इतकी वर्सं माश्या चावल्या, आता मध बी चावला."

चार नंबरच्या पेटीचं मात्र तिला सांगितलेलं नाही.
पौषात चौकट परत बसवताना
अंगठ्याखाली काहीतरी आलं, मऊ, लांबट.
म्हटलं, नर असेल.
पौषात कुठला नर.
संध्याकाळी पेटीला कान लावला.
राणी असलेली पेटी लांबच्या गिरणीसारखी, एकसुरी.
ही, मयताच्या घरात
दार लोटून बसलेल्या बायकांसारखी.

राजारामपुरीत डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी
हनुवटी यंत्रावर टेकवली.
"आबा, चांगलाच पिकलाय."
मी म्हटलं, "पिकला तर बरंच की.
मध पिकल्याबिगर माश्या बी झाकण लावत न्हाईत."
त्या हसल्या. "हा कच्चाच काढायला हवा होता."
मग भिंगाचं. जवळचं करू की लांबचं?
उरलेल्याला चष्मा.
दोन्हीचं एक भिंग असतं, त्याचा आकडा त्यांनी कागदावर लिहिला.
तो मला खुर्चीतून स्पष्ट दिसला.
आणि महिनाभर धूर नाही, ओझं नाही, वाकणं नाही.
महिना म्हणजे जांभळाचा अख्खा बहर.

स्टँडवर आजऱ्याची पाटी लागेना.
गारगोटीच्या गाडीत बसलो, वाहकानं फाटकापाशी उतरवलं.
लांबचं, मी मनात म्हटलं, लांबचंच.
घरी गंगव्वाही तेच म्हणाली,
"लांबचं घ्या. काजूत हत्ती हुबा ऱ्हायला
तर खडक समजून टेकून बसशीला."
जवळच्याला चष्मा आहेच की, म्हणाली.
तिला कुठं माहीत,
जाळीच्या आत चष्मा घामानं धुरकटतो
आणि पुसायला जाळी उचलली की गालावर दोन.

रात्री पेट्यांच्या रांगेतून चाललो, झाकणांवर हात ठेवत.
एक, दोन, तीन. चार थंड.
लांबचं मला ऐकू येतं.
माश्या उठून चालल्या तर आधी आवाज उठतो,
आंधळाही त्याच्यामागं ओढ्यापर्यंत पळेल.
हत्तीला मोडायला फांद्या लागतात.
एसटीत विचारायला माणूस असतो.
अंड्याला आवाज नसतो.

बाईंचा नंबर तनिष्काच्या वहीच्या पाठीवर आहे,
तिनं मोठ्या अक्षरात लिहिलाय, एकेक आकडा भेंडीएवढा.
जांभळाला अजून कळीच आहे.
सकाळी फोन करीन म्हणतो.
नाहीतर बहर उतरल्यावर.
तोवर ती सोमवारी शाळेआधी येते म्हणालीय,
साताला, ऊन तिरकं असतं तेव्हा,
दहा रुपयांत.