वाढ नाही

सोहार बंदराकडचा दवाखाना. सकाळी नऊलाच
काचेपलीकडचं डांबर मऊ पडलेलं.
सुविधा घाग, वय एकतीस, गाव गुहागर.
नवरा टगबोटीवर, महिन्याने किनाऱ्याला येणारा.

डॉक्टर बुथैना विचारतात, कुठे दुखतं?
ती म्हणते, ओटीपोटात.
मी प्रयोगशाळेतली, दुभाषी नव्हे;
पण मराठी कळणारी इथे एकटीच,
म्हणून काचपट्टी तशीच ठेवून आले
आणि पहिल्याच शब्दाला अडले.
अरबीत पोट आहे, पोटाचा खालचा भाग आहे,
ओटी नाही.
खण, नारळ, मूठभर तांदूळ, पसरलेला पदर,
हे सगळं आता कुठे सांगत बसू?
स्वतःच्याच अंगावर बोट ठेवून दाखवलं.

केव्हापासून?
"रमजानच्या आधीपासून. अंगावरून जात होतं.
अंगावर काढलं."

एकाने पित्त म्हटलं. एकाने लघवी तपासली, निवळशंख.
तिसऱ्याने अपेंडिक्सचं चित्र काढून दिलं,
ते तिने जपून आणलं होतं, घडी घालून.
"लग्न झालंय का, तेवढं तिघांनी विचारलं.
हो म्हटल्यावर पुढचं कुणीच नाही."

पडद्याआड बुथैनाबाईंनी दोन बोटांनी
गर्भाशयाचं तोंड जरासं हलवलं.
सुविधा टेबलावरून अर्धी उठलीच.
त्या "आई गं"चं भाषांतर करावं लागलं नाही.
इंजेक्शन तिथेच, त्याच वेळी.

मग माझं काम.
चॉकलेट अगार: नावाला चॉकलेट,
खरं तर तापवून तपकिरी केलेलं रक्त.
त्यावर स्वॅब फिरवायचा, प्लेट बरणीत ठेवायची,
मेणबत्ती पेटवायची, झाकण घट्ट लावायचं.
ज्योत हवा खाते आणि विझते.
उरलेल्या हवेत ते जंतू वाढतात, वाढले तर.
आईला कधी बोलले नाही
की मी रोज विझण्यासाठी दिवा लावते.

तिसऱ्या दिवशी लिहिलं: वाढ नाही.
कागद घेऊन गेले, जरा ओशाळून.
बुथैनाबाईंनी तो वाचला, फायलीत लावला.
"गोळ्या चालूच. चौदा दिवस.
मला तिचं दुखणं हाताला लागलंय.
आणि नवऱ्यालाही घेऊन यायला सांग."

सांगितलं.
सुविधाने गोळ्यांचं पाकीट ओढणीच्या टोकात गुंडाळलं,
मांडीवर धरून बसली.
"ह्यांची बोट गुरुवारी लागते," म्हणाली,
"त्यांना कसं सांगू, ते सांगा."

अरबीतून मराठीत मी आणलं असतं काहीही.
हे मराठीतून मराठीत होतं.